आधी कुणाला विचारलं?

रास्ता रोको हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. उसाचा दर असो, कांद्याचा भाव असो की प्यायचं पाणी असो, चार टायर पेटतात, दोन बैलगाड्या आडव्या लागतात आणि मागे एसटीची रांग लागते. तासा-दोन तासांत तहसीलदार येतात, निवेदन घेतात, फोटो निघतात आणि रस्ता मोकळा होतो. या रास्ता रोकोबद्दल मला आज बोलायचं नाही. मला बोलायचं आहे ते जरा वेगळ्या अडवणुकीबद्दल. खाण, धरण, पोलादाचा कारखाना किंवा वायुवाहिनी यांसाठी कुणाची तरी जमीन, कुणाचा तरी डोंगर घेतला जातो आणि तिथली माणसं कामाच्या वाटेवर आडवी होतात, त्या अडवणुकीबद्दल. ती तासा-दोन तासांत संपत नाही. महिनोन् महिने चालते, कधी वर्षंही चालते. आणि कायद्याच्या भाषेत ती बहुतेक वेळा बेकायदेशीर असते.

अशा वेळी सरकारनं काय करावं? चहाच्या टपरीवर विचारलंत तर दोन उत्तरं मिळतील. एक जण म्हणेल, उचला आणि गाडीत घाला. दुसरा म्हणेल, लोकांचा विरोध आहे ना, मग प्रकल्प गुंडाळा. दोन्ही उत्तरं सोपी आहेत, म्हणूनच ती फार वेळा दिली गेली आहेत. त्यांचा अनुभव काय आला हे आपल्याकडच्या आणि बाहेरच्या काही उदाहरणांवरून पाहू.

आधी कायद्याची बाजू. राज्यघटनेच्या १९व्या अनुच्छेदानं आपल्याला शांततेनं आणि विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. पण जमण्याच्या हक्कात दुसऱ्याची वाट कायमची बंद करण्याचा हक्क येत नाही. दिल्लीतल्या शाहीन बागच्या धरण्यावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानं ७ ऑक्टोबर २०२० रोजी हेच सांगितलं. निषेध करा, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवता येणार नाही. यात गैर काही नाही. वाटेतला काटा किंवा दगड उचलून बाजूला ठेवणं हा इमानाचाच एक भाग आहे, असं आम्ही मुसलमान घरांत लहानपणापासून ऐकत आलो. वाट ही सगळ्यांची असते. त्या वाटेनं बाळंतीण जाते, परीक्षेला निघालेलं पोर जातं, रोजावर जाणारा मजूर जातो. त्यांना अडवणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे.

मात्र हा जाब एकट्या अडवणाऱ्याला विचारून भागत नाही. तो वाटेत का येऊन बसला, हे पाहायला आपल्याला शंभर वर्षं मागं जावं लागेल.

पुण्याच्या पश्चिमेला मुळशीचं खोरं आहे. तिथं नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधून मुंबईला वीज पुरवण्याची योजना टाटा कंपनीनं आखली. खोऱ्यातली पन्नासच्या आसपास गावं आणि भाताची खाचरं पाण्याखाली जाणार होती. चाचणीचे चर खणले गेले तेही शेतकऱ्याला न विचारता. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि काम बंद पडलं. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी मिळाली ती या लढ्यात. सरकारनं जे केलं ते पुढे शंभर वर्षं होत राहिलं. १८९४चा भूसंपादन कायदा पुढे केला, माणसं पकडली, तुरुंगात घातली आणि काम पुन्हा सुरू केलं. लढा कोंडला गेला तसा तो कडवा झाला. अखेरच्या काळात कंपनीच्या कामावरची आगगाडी अडवण्याचा प्रकार घडला आणि त्याबद्दल बापटांना सात वर्षांची सजा झाली. धरण झालं, भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं, मुंबईत दिवे लागले. मावळे विखुरले.

या लढ्यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मुळशीतल्या पुष्कळ जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांच्या होत्या. मावळे त्या कसत होते. सावकारांपैकी बहुतेकांना धरणापेक्षा मोबदल्याची फिकीर होती. म्हणजे 'मालकांची संमती आहे' असं म्हणायला जागा होती. पण ज्याच्या पायाखालची माती जाणार होती, तो मालक नव्हता आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं. बहुतेक अडवणुकींच्या मुळाशी हाच प्रश्न सापडतो. आधी कुणाला विचारलं?

आता ओरिसात जाऊ. एकाच राज्यात, साधारण एकाच काळात, अशी तीन आंदोलनं झाली आणि तिन्ही ठिकाणी सरकारचा प्रतिसाद वेगवेगळा होता. अभ्यासासाठी याहून चांगली शाळा नाही.

पहिलं ठिकाण जाजपूर जिल्ह्यातलं कलिंगनगर. इथली जमीन सरकारी औद्योगिक महामंडळानं १९९०च्या दशकातच संपादित केली होती. एकरी सुमारे ३७ हजार रुपये दर दिला गेला. पुढे तीच जमीन कंपन्यांना एकरी तीन लाखांहून अधिक दरानं दिली गेली, हे आदिवासींना कळलं. कित्येकांच्या नावावर पट्टाच नव्हता, त्यामुळे त्यांच्या हाती काहीच पडलं नव्हतं. २ जानेवारी २००६ रोजी टाटा स्टीलच्या जागेवर पोलीस बंदोबस्तात कुंपणाची भिंत बांधायला सुरुवात झाली. आदिवासी जमले, झटापट झाली, जमावानं एका पोलिसाला मारलं. पोलिसांच्या गोळीबारात तेरा आदिवासी मरण पावले. शवविच्छेदनानंतर काही मृतदेह परत आले तेव्हा त्यांचे पंजे कापलेले होते.

त्यानंतर आदिवासींनी तिथला महामार्ग अडवला. तो २००७च्या मार्चपर्यंत, म्हणजे चौदा महिने अडलेलाच राहिला. गोळीनं वाट मोकळी झाली नाही, उलट ती चौदा महिने बंद झाली. चौकशी आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल २०१५ साली आला. कारखान्याचा पहिला टप्पाही सुरू झाला तो २०१५ सालीच. ज्या घाईसाठी गोळी चालली त्या घाईचं काय झालं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

दुसरं ठिकाण पारादीप बंदराजवळचं ढिंकिया. २२ जून २००५ रोजी दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीशी ओरिसा सरकारनं करार केला. ५२ हजार कोटी रुपयांची गुंतवणूक, वर्षाला सव्वा कोटी टनांच्या आसपास पोलाद, चार हजार एकर जमीन. त्या काळी हा देशातला सर्वांत मोठा परकीय गुंतवणुकीचा प्रकल्प म्हणून गाजला. त्या जमिनीत मोठा भाग सरकारी दप्तरात 'वनजमीन' होता. प्रत्यक्षात तिथं पानमळे होते. वाळूत विड्याच्या पानाची वेल पिढ्यान् पिढ्या जोपासणारी माणसं होती. कागद नाही म्हणून त्यांची गणती नाही. त्यांनी गावाच्या वेशीवर बांबूची फाटकं उभारली आणि सरकारी माणसाला आत येऊ दिलं नाही.

इथं सरकारनं सरसकट गोळी चालवली नाही. वेढा घातला. नेत्यांवर खटल्यांमागून खटले घातले, गावकऱ्यांवर वॉरंटं काढली, त्यामुळे माणसं दवाखान्यालाही गावाबाहेर पडायला घाबरू लागली. २०११च्या जूनमध्ये पोलीस आले तेव्हा बाया आणि शाळकरी मुलं तापल्या वाळूवर रांगा करून आडवी झाली होती. एक गोष्ट इथं प्रामाणिकपणे सांगायला हवी. गावातल्या सगळ्यांचाच प्रकल्पाला विरोध नव्हता. प्रकल्पाच्या बाजूच्या काही कुटुंबांना गावातून हुसकून लावण्यात आलं आणि ती वर्षानुवर्षं तात्पुरत्या छावणीत राहिली. त्यांचंही कुणी ऐकलं नाही. अडवणाऱ्यांच्या हातूनही अन्याय होतो, तो आपण नजरेआड करता कामा नये.

शेवट काय झाला? २०१२ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि २०१७ साली कंपनीनं अंग काढून घेतलं. बारा वर्षं वाया गेली. पानमळे तोडले गेले होते. आणि जमीन? ती लोकांकडे परतली नाही. ती सरकारच्या जमीनपेढीत गेली आणि पुढे दुसऱ्या पोलाद प्रकल्पासाठी देऊ केली गेली. २०२२च्या जानेवारीत ढिंकियात पुन्हा लाठीमार झाला. प्रश्न न सोडवता नुसता थकवला, की तो असा परत उभा राहतो.

तिसरं ठिकाण नियमगिरी. कालाहांडी आणि रायगडा या जिल्ह्यांच्या सीमेवरचा हा डोंगर. डोंगरिया कोंध या आदिवासींचा देव नियमराजा तिथं वसतो. डोंगराच्या माथ्यावर बॉक्साइट आहे आणि पायथ्याला लांजीगढ इथं वेदांत कंपनीचा ॲल्युमिना शुद्धीकरण कारखाना आहे. खाणीची परवानगी मिळण्याआधीच कारखाना उभा राहिला होता. बाजारात तुरी अजून आल्या नव्हत्या, पण इथं चूल पेटलेली होती. कोंधांनी वाटा अडवल्या, मानवी साखळ्या केल्या. इथंही धरपकड आणि दमदाटीच्या तक्रारी झाल्याच. पण १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणं ग्रामसभांना विचारा. न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक समोर बसवा आणि विचारा. राज्य सरकारनंच बारा गावं निवडली. जुलै आणि ऑगस्टमध्ये पावसापाण्यात सभा झाल्या. बाराच्या बारा सभांनी नाही म्हटलं. २०१४च्या जानेवारीत केंद्रानं खाणीला परवानगी नाकारली. प्रश्न विचारायला जेमतेम महिनाभर लागला. जो प्रश्न आठ-दहा वर्षं टाळला होता, त्याचं उत्तर महिन्याभरात मिळालं, एकही गोळी न चालवता.

कुणी म्हणेल, हे सगळं आपल्या गरीब देशातलं. श्रीमंत, कायद्याच्या देशात असं होत नाही. तर मग कॅनडाची गोष्ट ऐका. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात कोस्टल गॅसलिंक नावाची सुमारे ६७० किलोमीटरची वायुवाहिनी टाकायची होती. वाटेतल्या वीस आदिवासी समूहांच्या निवडून आलेल्या मंडळांनी करारांवर सह्या केल्या. पण वेट्सुवेटेन या लोकांच्या परंपरागत प्रमुखांनी नकार दिला. ते म्हणाले, निवडलेली मंडळं सरकारच्या कायद्यानं बनवली, ती राखीव वस्तीपुरती आहेत. आमच्या मूळ भूमीचा निर्णय आमच्या घराण्यांचा. आणि याच प्रमुखांनी शेजारच्या लोकांबरोबर लढवलेल्या डेलगामूक खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९९७ साली आदिवासींच्या भूमिहक्काचं तत्त्व मान्य केलं होतं. मात्र या भूमीपुरता तो प्रश्न निकाली निघाला नव्हता. सरकारांनी तो तेवीस वर्षं तसाच पडू दिला. मुळशीतला सावकार आणि मावळा आठवा. कागदावरचा होकार आणि जमिनीवरचा नकार.

२०२०च्या फेब्रुवारीत न्यायालयाच्या मनाई हुकमावरून पोलिसांनी तिथल्या छावण्या हलवायला सुरुवात केली. त्याच दिवशी, हजारो किलोमीटर दूर ऑन्टारियोत, मोहॉक आदिवासींनी सहानुभूती म्हणून रेल्वेमार्गाजवळ ठाण मांडलं. पूर्व कॅनडातली मालवाहतूक आणि देशातल्या बहुतेक प्रवासी गाड्या थांबल्या. रेल्वेच्या शेकडो कामगारांना तात्पुरतं घरी बसवावं लागलं. पंतप्रधान ट्रूडो यांनी आधी संवादाची भाषा केली. मग २१ फेब्रुवारीला अडथळे हटलेच पाहिजेत असं जाहीर केलं. २४ तारखेला पोलिसांनी ते हटवले, दहा जणांना अटक झाली, जीव कुणाचाही गेला नाही. मे महिन्यात भूमिहक्कावर चर्चेचा करार झाला. वायुवाहिनी मात्र पुरी झालीच, २०२३ साली.

तिथले पोलीस अठरा दिवस थांबले, यालाही कारण होतं. १९९५ साली ऑन्टारियोतच इपरवॉश इथं एक उद्यान ताब्यात घेतलेल्या आदिवासींवर पोलिसांनी रात्रीच्या अंधारात कारवाई केली होती आणि डडली जॉर्ज नावाचा निःशस्त्र माणूस गोळीनं मेला होता. त्यावरच्या चौकशीचा अहवाल २००७ साली आला. अशा प्रसंगी पोलिसांचं पहिलं काम शांतता राखणं आणि जीव वाचवणं हे आहे, आणि राजकीय नेत्यांनी पोलिसांच्या कारवाईत हात घालू नये, हा त्याचा गाभा. एका मरणाचा धडा त्या पोलिसांनी पुढे वापरला. कलिंगनगरच्या तेरा मरणांचा धडा आपण कुठे लिहून ठेवला आहे?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सरकारनं काय करावं? माझ्या समजुतीप्रमाणं पाच गोष्टी.

पहिली, पोलीस पाठवण्याआधी सरकारनं स्वतःचं दप्तर तपासावं. ग्रामसभा झाली का, ती खरी झाली की रजिस्टरात झाली? मोबदला पोचला का? ज्याच्या नावावर कागद नाही पण ज्याची चूल तिथं पेटते, त्याला मोजलं का? २०१३च्या भूसंपादन कायद्यानं खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती आवश्यक ठरवली. ही संमती आधी हवी. २०२२ साली केंद्रानं जे वनसंवर्धन नियम केले, त्यांत मात्र केंद्राच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेची संमती पाहण्याची अट उरली नाही. वनहक्कांची पूर्तता राज्यानं नंतर बघायची. याला आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात. ज्या सरकारनं स्वतः कायद्याची पायरी गाळली, त्यानं दुसऱ्याला कायदा शिकवला तर तो शिकणार कसा?

दुसरी, कामाची जागा अडवणं आणि सार्वजनिक रस्ता अडवणं यांत फरक करावा. स्वतःच्या शेतात खणू न देणारी बाई आणि महामार्गावर रुग्णवाहिका अडवणारा तरुण, दोघांना एकाच कलमाखाली घालणं हा न्याय नव्हे. सार्वजनिक रस्ता आणि रेल्वे लवकर मोकळी व्हावी. रुग्णवाहिका, दूध, पाणी, औषधं तर पहिल्या तासापासून जाऊ द्यावीत, आणि हे आंदोलकांनीही पाळावं. कामाच्या जागेवर मात्र सरकारला थांबायला सवड असते. तिथं घाई कंपनीला असते.

तिसरी, दोन्ही बाजूंनी हात थांबवावेत. काम थांबवा आणि अडथळा हटवा, ठरलेल्या मुदतीपुरतं, दोघांनाही विश्वास वाटेल अशा माणसासमोर. बोलणी चालू असताना मागच्या दारानं भूमापनाची माणसं आत सोडू नयेत. कोकणात नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१९ साली रद्द झाली आणि पुढे तो राजापूर तालुक्यातच बारसूच्या सड्यावर आला. २०२३च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी बाया रस्त्यावर आडव्या झाल्या. त्यात राग तर होताच. पण आपल्याला कुणी विश्वासात घेतलं नाही, ही भावना त्याहून मोठी होती.

चौथी, बळ वापरायची वेळ आलीच तर ते दिवसाउजेडी, आधी सांगून, महिला पोलिसांसह, बंदुका मागे ठेवून वापरावं. पोलीस कंपनीचे पहारेकरी वाटता कामा नयेत. ज्यानं दगड मारला, आग लावली किंवा शेजाऱ्याला गावाबाहेर काढलं, त्याच्यावर त्याच्या नावानं गुन्हा नोंदवावा आणि तो चालवावा. 'इतर दोनशे अनोळखी इसम' अशी नोंद करून गाव वर्षानुवर्षं धाकात ठेवणं हा कायद्याचा अंमल नव्हे.

पाचवी, दिलेला शब्द पाळावा. अडथळा उठला की सरकारला आंदोलनाचा विसर पडतो. चौकशीचा अहवाल नऊ वर्षांनी येत असेल तर पुढच्या वेळी बोलणी करायला कोण येईल?

एक आक्षेप राहतो आणि तो खोटा नाही. अडवणाऱ्यांशी बोललं की अडवणुकीला चटक लागते, प्रत्येक प्रकल्प मूठभरांच्या हाती जातो, विजेचे खांब आणि रेल्वेचे रूळ शेवटी जमिनीवरूनच जातात. खरं आहे. हा आवाज मीही विजेवरच काढतो आहे. पण वर पाहिलेल्या उदाहरणांत उशीर कशामुळे झाला, ते मोजून पाहा. कलिंगनगरला भिंतीपासून पोलादापर्यंत नऊ वर्षं गेली. पोस्कोनं बारा वर्षांनी हात झटकले. दोन्ही ठिकाणी सरकार नमलं नव्हतं, कडकच होतं. आणि विचारणं म्हणजे प्रत्येक वेळी नकारच येईल असंही नाही. कॅनडात वीस मंडळांनी होकारच दिला होता. विचारल्यावर नियमगिरीसारखा एखादा स्पष्ट नकार येईलही. तो आला तर तो ऐकायचा, कारण जिथं नकाराला जागा नाही तिथल्या होकारालाही किंमत नसते.

अडवलेली वाट बेकायदेशीर आहे, हे म्हणण्याचा अधिकार सरकारला आहे आणि ती मोकळी करण्याची जबाबदारीही. पण वाटेवरचा दगड उचलताना तो तिथं कुणी आणि का आणून ठेवला, हे विचारायला वेळ लागत नाही. मावळ्यांना ते १९२१ साली विचारलं असतं, तर कदाचित धरण तरीही झालं असतं, पण मुंबईच्या दिव्यांनी त्यांच्याही घरी थोडा उजेड पाडला असता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)